ग्रंथांची नाती कोण नोंदवणार?

गेल्या वर्षी आमच्या एका विद्यार्थ्याने चलनव्यवस्थेवरील निबंधाला संदर्भसूची जोडली. तीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे दोन ग्रंथ होते: ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ (१९२३) आणि ‘हिस्टरी ऑफ इंडियन करन्सी अँड बँकिंग’ (१९४७). वस्तुतः ग्रंथ एकच. दुसऱ्या आवृत्तीत त्याचे नाव बदलले, एवढेच. पुढे महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या सहाव्या खंडातही तोच आला. विद्यार्थ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने ज्या संगणकीय ग्रंथालयात शोध घेतला, तेथे या तीन स्वतंत्र नोंदी होत्या; लेखक एके ठिकाणी ‘बी. आर.’, तर दुसरीकडे ‘भीमराव रामजी’. प्रत्येक नोंद आपल्या जागी बिनचूक होती. त्यांचे परस्परांशी नाते मात्र कोठेच लिहिलेले नव्हते.

जुन्या सूचिपत्राची कार्डे संगणकात जशीच्या तशी भरली की असे होणारच. कोष्टकातील एक ओळ शेजारच्या ओळीला ओळखत नाही. ‘ग्राफ डेटाबेस’ या नावाने ओळखली जाणारी रचना निराळी आहे. तीत कृती, लेखक, आवृत्ती, प्रकाशक हे सारे बिंदू असतात आणि त्यांना जोडणाऱ्या प्रत्येक रेषेला नाव असते. कोणत्या प्रकारचे बिंदू आणि कोणत्या प्रकारची नाती मान्य करावयाची, हे आधी ठरवणारी नियमावली म्हणजे ‘ऑन्टॉलॉजी’. (तत्त्वज्ञांकडून उसना घेतलेला हा शब्द उगाच भारदस्त आहे.) ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९९८ साली अशीच एक मांडणी केली: कृती, तिचे शब्दरूप, प्रकाशित आवृत्ती आणि हाती असलेली प्रत या चार निरनिराळ्या गोष्टी होत. आपल्याकडे रंगनाथनांनी १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरणात विषयाची अंगे सुटी करून जोडण्याची रीत दाखविली होती, हेही येथे आठवते.

नात्यांना नावे दिल्याने काय साधते? पुन्हा तोच ग्रंथ घेऊ. केन्स यांनी १९१३ साली ‘इंडियन करन्सी अँड फायनान्स’मध्ये सुवर्ण विनिमय परिमाणाची भलामण केली, आंबेडकरांनी त्याच परिमाणावर टीका केली. ग्रंथाला प्रस्तावना लिहिली प्राध्यापक एडविन कॅनन यांनी, आणि तीत आंबेडकरांचे बहुतेक युक्तिवाद आपणास मान्य नाहीत असे मोकळेपणाने सांगितले! ‘विषय: चलन’ एवढ्याच शिक्क्याने हे तिघे एका फळीवर बसतात आणि त्यांच्यातील वाद नाहीसा होतो. ‘खंडन करतो’, ‘प्रस्तावना लिहितो’ अशा रेषा ओढल्या, तर विद्यार्थी एका ग्रंथावरून दुसऱ्याकडे आपसूक जाईल. अर्थशास्त्र शिकवणाऱ्याला याहून अधिक काय हवे?

हे स्वप्नरंजन नव्हे. स्वीडनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१८ साली आपली संयुक्त सूची अशा जोडलेल्या नोंदींवर नेली. आपल्याकडे मात्र पैसा जातो तो पाने छायांकित करण्यावर. त्याचे कारण उघड आहे. किती पाने झाली ते मोजता येते, निविदा काढता येते, उद्घाटनही करता येते. नाते नोंदविण्यासाठी मुखपृष्ठ उलटून प्रस्तावना वाचणारा जाणकार माणूस लागतो, आणि ग्रंथपालाचे पद रिकामे झाले की ते भरण्याची घाई कोणालाच नसते. दोन नावे सारखी दिसतात, एवढे यंत्र सुचवू शकते. परंतु एकाच नावाचे दोन लेखक चुकून एक ठरवले, तर ती चूक जोडलेल्या प्रत्येक सूचीत पोहोचते. शिवाय एका ग्रंथालयाने केलेली अचूक नोंद सर्वांनाच फुकट वापरता येते; म्हणून तिचा खर्च सोसण्यास कोणी पुढे येत नाही. सार्वजनिक वस्तूंच्या बाबतीत हा अनुभव जुनाच आहे, आणि म्हणूनच तो भार शासनाने उचलला पाहिजे.

आमच्या विद्यार्थ्याने आपल्या सूचीतील एक नोंद खोडली. संगणकातील तीन नोंदी अद्याप तशाच आहेत. त्या दुरुस्त करण्याविषयी पत्र कोणाच्या नावे लिहावे, हे तेथे कोठेही दिलेले नाही.