परत गेलेल्यांची वही

घरात कुणाचं तरी छोटं खाण्याचं दुकान असतंच. आईचं पोळी-भाजी केंद्र, मामाचं फरसाण, वहिनीचे केक. धंदा थंडावला की सगळे तुमच्याकडे बघतात, कारण तुम्ही ‘मार्केटिंगवाले’! फ्लेक्स छापायला टाकण्याआधी कोपऱ्यावरून एक वही घेऊन या...

संध्याकाळचे साडेआठ. कंपनीची बस कर्वेनगरच्या चौकात तुम्हाला सोडून निघून जाते. पोटात कावळे ओरडतायत, घरी जाऊन कणीक मळायची इच्छा शून्य. समोर पोळी-भाजी केंद्राचा दिवा चालू दिसतो. तुम्ही गाड्या चुकवत रस्ता ओलांडता आणि काउंटरपलीकडून आवाज येतो, ‘‘पोळ्या संपल्या!’’

हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. आपण ‘ओके’ म्हणतो, मोबाइल काढतो आणि नूडल्स मागवतो. दुसऱ्या दिवशी रस्ता ओलांडायचेही कष्ट घेत नाही.

मी हे वाक्य काउंटरच्या पलीकडच्या बाजूने ऐकलंय. कारण ते केंद्र माझ्या आत्याचं आहे.

दहा बाय बाराचा गाळा, मागे ओटा, दोन मोठे तवे, आत्या आणि पोळ्या लाटणाऱ्या दोन मावशी. नऊ वर्षं हे सगळं सुरळीत चाललं होतं. गेल्या वर्षी जूनमध्ये गाळेमालकांनी सांगितलं, नोव्हेंबरमध्ये करार संपतोय, नव्या करारात भाडं वाढेल. आत्याचा गल्ला आधीच उतरणीला लागला होता. तिने मला फोन केला आणि अगदी शांतपणे म्हणाली, ‘‘दिवाळीचा फराळ करते आणि बंद करते गं. त्या दोघींना आत्तापासून सांगून ठेवायला हवं. त्यांना दुसरं काम शोधायला वेळ नको का?’’

तिच्या आवाजातला तो शांतपणा मला सहन झाला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही चार भावंडं लॅपटॉप घेऊन आत्याच्या दारात हजर!

आमचा सुपरहिट फ्लॉप

आयडियांचा नुसता पाऊस पडला. नाव बदलू, लोगो करू, इन्स्टाग्रामवर रील टाकू. शेवटी एकमत झालं ते सगळ्यात सोप्या गोष्टीवर. शनिवारच्या पेपरात पत्रकं टाकायची, ‘पहिल्या वीकेण्डला २० टक्के सूट!’

गर्दी झाली. तुफान झाली. आम्ही फोटो काढले. सव्वासातला पोळ्या संपल्या. घाईत केलेल्या बटाट्याच्या भाजीत मीठ दोनदा पडलं. लांबून आलेली माणसं चिडून परत गेली, आणि रोजचे आजोबा गर्दी बघून दारातूनच वळले. सोमवारी गिऱ्हाईक होतं तेवढंच. खरं सांगायचं तर दोन-चार कमीच.

आत्याने रागावून नाही, पण हिशेब मांडून दाखवला. समजा १०० रुपयांच्या विक्रीत माल, गॅस, पॅकिंग आणि मजुरी जाऊन ३० रुपये उरतात. २० टक्के सूट दिली की उरले १०. म्हणजे पूर्वीइतकेच पैसे मिळवायला तिप्पट माल विकायचा. ‘‘आणि तिप्पट पोळ्या लाटणार कोण? तुम्ही चौघं?’’

आम्ही गप्प. आमच्यातल्या एकाला तर पोळपाट कुठला आणि परात कुठली, इथपासून सुरुवात होती.

वही उघडली

मग ठरवलं, आता काही करायचं नाही. फक्त बघायचं. ऑफिसमधून सुटल्यावर आळीपाळीने काउंटरवर बसायचं आणि जो रिकाम्या हाताने परत जाईल त्याची नोंद करायची. किती वाजता आला, काय मागितलं, का गेला. विक्रीचा हिशेब सगळेच दुकानदार ठेवतात. न झालेल्या विक्रीचा कुणीच ठेवत नाही.

बारा दिवसांत वहीत ७१ नोंदी झाल्या. ३४ जण आठनंतर आले आणि पोळ्या नव्हत्या. १५ जणांना एकट्यापुरती भाजी हवी होती, आत्याकडे सगळ्यात लहान डबा पाव किलोचा. ९ जणांनी भाकरी किंवा बिनतेलाचे फुलके विचारले. बाकी १३ जणांची कारणं किरकोळ. कुणाला आजची भाजी आवडली नाही, कुणाकडे सुटे नव्हते आणि क्यूआर कोडचं स्टिकर होतं फ्रिजच्या मागे!

माणशी ८० रुपये धरले तरी ५,६८० रुपये दारापर्यंत चालत आले आणि परत गेले होते. यांना आणायला पत्रक लागलं नव्हतं, सूट लागली नव्हती. आम्ही नवं गिऱ्हाईक शोधत होतो आणि गिऱ्हाईक रोज आमच्याच पायरीवरून वळत होतं.

बॉस, सगळा फंडा एवढाच आहे. गिऱ्हाईक वाढवायचं असेल तर आधी येणाऱ्याला परत पाठवणं थांबवा.

फंडा १ : घड्याळ गिऱ्हाईकाचं लावा

मुंबईचा वडापाव बघा. १९६६च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी तो विकायला सुरुवात केली, असं सांगितलं जातं. कामावर जाणारी-येणारी माणसं, हातात वेळ नाही, खिशात पैसे बेताचे. गिऱ्हाईक ज्या वाटेने जातं त्या वाटेवर, ज्या घाईत असतं त्या घाईत खाता येईल असं खाणं. त्याला जाहिरात कशाला हवी?

आणि पुणेकरांना घड्याळाबद्दल आम्ही काय सांगणार! चितळे बंधूंची दुपारची १ ते ४ ची सुट्टी म्हणजे पुणेरी विनोदांची कायमची शिदोरी. पण २०१७मध्ये त्यांनीही दुपारी दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली. इतकं नाव असलेल्या दुकानाला घड्याळ बदलावंसं वाटतं, तर आपण कोण?

आत्याचं घड्याळ नऊ वर्षांपूर्वीचं होतं. तेव्हा गिऱ्हाईक सहा-सातला यायचं. आता बसच सव्वाआठला येते. पण दुसरा घाणा काढायचा तर कुणाला तरी उशिरापर्यंत थांबायला हवं. आत्याने दोघी मावशींना सगळं खरं सांगितलं, भाड्यासकट. थोरल्या मावशी म्हणाल्या, ‘‘ताई, सकाळी पोरीला शाळेत सोडायची धावपळ होते माझी. मी चारला येते, पावणेनऊपर्यंत थांबते. सकाळचं तुम्ही बघा.’’ साडेसातला दुसरी कणीक मळायची असं ठरलं. एका पैशाचा खर्च नाही. फक्त विचारायचं राहून गेलं होतं!

फंडा २ : छोटा डबा ठेवा

एकट्याने राहणारी मुलं-मुली पाव किलो भाजी घेऊन काय करणार? अर्धी फ्रिजमध्ये, मग कचऱ्यात. आत्याने एका माणसापुरता डबा सुरू केला. तीन पोळ्या, एक सुकी भाजी, एक उसळ किंवा आमटी. ग्रॅमच्या हिशेबाने हा डबा मोठ्या डब्यापेक्षा थोडा महाग पडतो, पण घेणाऱ्याला परवडतो, कारण त्यातलं काही वाया जात नाही. पहिल्यांदा येणाऱ्यासाठी तर हा उत्तम. चव बघायला पाव किलोची जोखीम कोण घेतो?

फंडा ३ : एका गोष्टीसाठी ओळखले जा

कॅम्पातल्या ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी १९५५पासूनची. तिथे बऱ्याच गोष्टी मिळतात, पण नाव काढलं की डोळ्यांसमोर येतं श्रूसबेरी बिस्किट. पाहुणा पुण्याहून परत निघाला की त्याच्या बॅगेत तो खोका असतोच.

आत्याकडे रोज सहा भाज्या व्हायच्या. वहीतून कळलं की लोक नाव घेऊन मागतात ती एकच, भरली वांगी. पण ती कधी मंगळवारी, कधी शुक्रवारी, आत्याच्या मनात येईल तेव्हा. आता दर बुधवारी भरली वांगी आणि ज्वारीची भाकरी, काही झालं तरी. बाकीच्या दिवशी सहाऐवजी चार भाज्या. उरलेली भाजी टाकणं कमी झालं, आणि बुधवार लोकांच्या लक्षात राहिला.

फंडा ४ : चव हलू देऊ नका

१९५९मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तेच आपलं लिज्जत. आज हजारो घरांत वेगवेगळे हात लाटतात, तरी पापड सारखाच लागतो, कारण पीठ एका जागी मळून मग वाटलं जातं.

आत्या सगळं ‘अंदाजाने’ घालायची. ती काउंटरवर असली की मीठ दुसऱ्याच्या अंदाजाने पडायचं. आता एका किलोला किती चमचे मीठ, किती तिखट, हे ओट्यावरच्या कागदावर लिहिलंय. आत्याला आधी तो अपमान वाटला. ‘‘मला मोजून मीठ घालायला शिकवता?’’ पण रविवारी ती लग्नाला गेली आणि भाजीबद्दल एकही तक्रार आली नाही, तेव्हा कागद तिनेच प्लास्टिकमध्ये घातला.

फंडा ५ : रोज चार वाजता सांगा

फॅन्सी रीलचा नाद आम्ही सोडला. त्याऐवजी रोज चार वाजता फळ्यावर आजच्या भाज्या लिहायच्या, फळ्याचा फोटो काढायचा आणि व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवायचा. ज्याला हवं त्याने सातपर्यंत मेसेज करायचा, डबा नावाने बाजूला राहतो. ऑफिसमध्ये चार वाजता चहा पिताना ‘रात्री काय खायचं’ हा प्रश्न तुम्हालाही पडतो ना? उत्तर त्याच वेळी मिळायला हवं.

डिलिव्हरी ॲपचं काय? कमिशन करारागणिक बदलतं, पण समजा २५ टक्के. मघाचा हिशेब लावा, ३० मधले उरले ५! ॲप वाईट नाही. नवी माणसं त्यातून मिळतात. पण सगळा धंदा त्यावर टाकायचा तर किंमत त्या हिशेबाने ठरवायला हवी. आत्याने तूर्त हात जोडले आणि चालत येणाऱ्यांकडे लक्ष दिलं.

मग काय झालं?

सिनेमासारखं काही झालं नाही. गाळ्यासमोर मर्सिडीज लागली नाही. ऑगस्टमध्ये फरक दिसला नाही, सप्टेंबरमध्ये थोडा दिसला. गणपतीत उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी आल्या त्या स्टेटसमुळे. दिवाळीचा फराळ नेणाऱ्यांत निम्मी तोंडं नवी होती. साडेआठच्या बसमधली.

नोव्हेंबरमध्ये आत्याने पुन्हा ११ महिन्यांचा करार केला. भाडं वाढलंच. मालकांशी घासाघीस करून मागितल्यापेक्षा थोडं कमी वाढलं, इतकंच. ‘‘पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू,’’ असं म्हणून तिने सही केली. दोघी मावशी अजून तिथेच आहेत. थोरल्या मावशींची पोर शाळेत वेळेवर पोचते.

वही अजून काउंटरवर आहे. परवा मी सहज उघडून बघितली. त्या दिवशीचं पान आत्याच्या अक्षरात होतं. ‘परत गेले : २. एकाला चिकन हवं होतं (मिळणार नाही). एकीला कारल्याची भाजी (विचार करायला हवा).’

आता थोडं तुमच्याबद्दल. तुम्ही काउंटरच्या अलीकडचे असाल, तर पुढच्या वेळी ‘संपल्या’ ऐकून मुकाट्याने वळू नका. एक वाक्य बोला. ‘‘मावशी, मी रोज साडेआठला येते, चार पोळ्या ठेवाल का?’’ कोपऱ्यावरचं दुकान टिकायला कधीकधी एवढंही पुरतं. आणि तुम्हालाही रोज नूडल्स खाव्या लागणार नाहीत!

चौकट : या वीकेण्डला एवढं करा

• दोन आठवडे ‘परत गेलेल्यांची वही’ ठेवा. वेळ, मागणी, कारण. बस्स.

• गूगल मॅप्सवर दुकानाची नोंद फुकट होते. वेळा आणि फोन नंबर बरोबर आहेत का ते बघा. ‘उघडं’ वाचून आलेल्याला कुलूप दिसलं की तो परत येत नाही.

• एफएसएसएआयची नोंदणी छोट्या दुकानालाही लागते. १४ अंकी क्रमांक समोर दिसेल असा लावा. गिऱ्हाईकाचा विश्वास वाढतो.

• क्यूआर कोड काउंटरवर, डोळ्यांसमोर. फ्रिजच्या मागे नाही!

• सूट देण्याआधी कागदावर मांडा. १०० मागे किती उरतात आणि सूट दिल्यावर किती.

• दुकानात काम करणाऱ्यांना विचारा. गिऱ्हाईक का परत जातं, हे त्यांना आधीपासून माहीत असतं.