गाडी ‘मिसिंग’ मारतेय? थांबा, आधी आजार ओळखा!

कात्रजच्या घाटात मागच्या महिन्यात आमच्या गाडीने मला चांगलाच घाम फोडला. चढावर ॲक्सिलरेटर दाबतेय, पण पिकअपच नाही. स्टेअरिंग थरथरतंय, इंजिन धक्के देतंय आणि डॅशबोर्डवरचा पिवळा चेक इंजिन दिवा लुकलुकतोय. गाडी अकरा वर्षांची, बाबांची लाडकी. ती टो करून गॅरेजमध्ये नेली, तर तिथे बॉनेट धड न उघडताच यादी आली: चारही कॉइल, चारही प्लग, इंजेक्टर क्लीनिंग आणि ‘एक सेन्सर पण बदलून टाकू’. एकूण एकोणीस हजार! माझा इंटर्नशिपचा स्टायपेंड महिन्याला सहा हजार. बाबा शांतपणे म्हणाले, ‘‘विकूनच टाकू आता.’’

मला ते पटेना. कात्रजच्या घाटात बंद पडलो ते ठीक, पण कुणी आपल्याला ‘कात्रजचा घाट’ दाखवत तर नाही ना? म्हणून गाडी आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या मेस्त्रीकाकांकडे नेली. पुढच्या दोन दिवसांत मी तिथे जे शिकले, ते घरी जुनी पेट्रोल गाडी असलेल्या प्रत्येकाला माहीत हवं.

आधी थोडी बेसिक गोष्ट. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं आणि स्पार्क प्लग ठिणगी टाकून ते पेटवतो. इंजिन मिनिटाला 3000 फेरे फिरत असेल, तर एकेक प्लग सेकंदाला 25 वेळा ठिणगी टाकतो. त्यासाठी बॅटरीच्या 12 व्होल्टचे हजारो व्होल्ट करायचं काम इग्निशन कॉइलचं. यात एखाद्या सिलिंडरचा नेम चुकला, की त्याला मिसफायर म्हणायचं. गॅरेजच्या भाषेत, गाडी ‘मिसिंग मारते’.

आता एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. चेक इंजिनचा दिवा स्थिर असेल, तर लवकर तपासणी करून घ्या. तो लुकलुकत असेल, तर मात्र ॲक्सिलरेटर सोडा आणि सुरक्षित जागा बघून गाडी थांबवा. कारण न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो पार्ट बाद होऊ शकतो. तो प्लगपेक्षा कितीतरी महाग असतो.

काकांनी पाना हातात घेतलाच नाही. आधी स्टेअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडला. कोड आला P0302. यातला शेवटचा आकडा म्हणजे सिलिंडरचा नंबर. P0301 म्हणजे पहिला, P0302 म्हणजे दुसरा. P0300 आला, तर एक असा नेमका सिलिंडर सापडत नाही.

‘‘दोन नंबर आजारी आहे, हे कळलं. का आजारी आहे, ते अजून कळलं नाही,’’ काका म्हणाले. मग इग्निशन बंद करून त्यांनी दोन नंबरची कॉइल तीन नंबरवर बसवली आणि तीनची दोनवर. कोड पुसला, गाडी चालू केली. थोड्या वेळात नवीन कोड आला, P0303! कॉइल जिथे गेली, तिथे दोषही गेला. म्हणजे चोर कॉइलच. कोड दोन नंबरवरच राहिला असता, तर अशीच अदलाबदल प्लगची करायची. तरीही फरक नाही, तर इंजेक्टर आणि मग कॉम्प्रेशन तपासायचं. बातमी छापण्याआधी ती दुसऱ्या सोर्सकडून तपासा, असं आम्हाला कॉलेजात शिकवतात. हे त्याहून वेगळं नव्हतं.

प्लगही जुनेच होते, म्हणून तेही बदलायचं ठरलं. तीन सहज निघाले. दोन नंबरचा मात्र हलेना. मी रॅचेटला लांब पाइप लावून जोर करणार, तेवढ्यात काका ओरडले, ‘‘पोरी, थांब! प्लग दीडदोनशेचा आहे, हेड नाही!’’

प्लग लोखंडाचा, सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचं. जबरदस्ती केली, की हेडचे आटे जातात किंवा प्लग आतच तुटतो. मग हेड उतरवायची वेळ येते. म्हणून पद्धत अशी:

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. प्लगच्या खड्ड्यात हवा मारून कचरा आधीच काढा, नाहीतर तो सिलिंडरमध्ये पडेल. गंज सोडवणारं तेल प्लगच्या बुडाशी थोडंसं सोडा आणि वाट बघा. आम्ही रात्रभर थांबलो. पाना सरळ धरा. तिरका झाला, की पोर्सेलिन तडकतं. अगदी थोडा सैल करा. करकर आवाज आला किंवा अडकला, की परत थोडा आवळा, तेल सोडा, पुन्हा सैल करा. पुढे-मागे, पुढे-मागे. एवढं करूनही हलला नाही, तर जोर वाढवू नका, जाणकाराला बोलवा.

आमच्या प्लगने चाळीस मिनिटं घेतली. निघाला तेव्हा काळा, पेट्रोलने ओला आणि वरून गंजलेला होता. बाकीचे तिघे फिकट तपकिरी, म्हणजे ठणठणीत. प्लगचा रंग असा बोलतो. कोरडी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त जातंय. तेलकट असेल, तर इंजिन ऑइल आत येतंय. पांढराफटक असेल, तर प्लग जास्त तापतोय.

नवीन प्लग बसवताना सुरुवातीचे आटे हातानेच फिरवायचे. शेवटी किती आवळायचा, ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. त्यासाठी टॉर्क पाना वापरायचा.

एक कॉइल, चार प्लग आणि मजुरी मिळून बिल झालं साडेतीन हजार.

पण प्लग गंजला कशामुळे? काकांनी कॉइलचं फाटलेलं रबर दाखवलं. तिथून खड्ड्यात पाणी शिरलं होतं. ‘‘इंजिनवर प्रेशरने पाणी कुणी मारलं?’’ त्यांनी विचारलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. रीलसाठी चकाचक इंजिन हवं, म्हणून दिवाळीत वॉशिंग सेंटरवाल्याला मीच सांगितलं होतं, ‘‘दादा, आतूनही मारा!’’

बिल मी भरलं. गाडी अजून आमच्याकडेच आहे. आणि ते रील मी डिलीट केलंय.