पहिली दुर्बीण कशी निवडावी?



'दुर्बीण' हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. उर्दूत आपण 'दूरबीन' म्हणतो. दूरचे पाहणारी, ती दूरबीन. फारसीतून आलेला हा शब्द मराठीने केव्हाच आपलासा केला आहे.

आपल्या अजिंठ्यात मोठ्या शहरासारखा दिव्यांचा झगमगाट नाही. पावसाळा संपून आकाश निवळले, की गच्चीवरून असंख्य तारे दिसतात. तेव्हा वाटते, आपल्याजवळ एक दुर्बीण हवी.

मलाही तसेच वाटले होते. शाळेत असताना मी दोन वर्षांची ईदी साठवली आणि एका दुकानातून दुर्बीण आणली. खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते, '५२५ पट मोठे दिसते!' रात्री ती चंद्राकडे लावली. चंद्र मोठा दिसला खरा, पण धुक्यात बुडाल्यासारखा. तिपाई इतकी लेचीपेची, की हात लागताच चंद्र नजरेआड होई. महिन्याभरात दुर्बीण माळ्यावर गेली. तुमची ईदी अशी वाया जाऊ नये, म्हणून हा पाठ.

दुर्बिणीचे पहिले काम प्रकाश गोळा करणे हे आहे. मोठे करून दाखवणे हे त्यानंतरचे. पावसात वाटी ठेवली तर थोडे पाणी साठते. परात ठेवली तर पुष्कळ साठते. प्रकाशाचेही तसेच आहे. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटर रुंद होते. ५० मिलिमीटरचे भिंग तिच्या सुमारे ५० पट प्रकाश गोळा करते. म्हणून दुकानात पहिला प्रश्न विचारा, "समोरचे भिंग किंवा आरसा किती रुंद आहे?" जितके मिलिमीटर, त्याच्या दुपटीपर्यंतच वस्तू मोठी करून पाहण्यात अर्थ असतो. माझे भिंग ६० मिलिमीटरचे होते. म्हणजे तिची मर्यादा १२० पट. मग ५२५ पट कोठून येणार?

दुसरे, तिपाई पाहा. दुर्बिणीला हलकेच टिचकी मारा. चित्र लगेच स्थिर झाले पाहिजे.

दुर्बिणी मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. भिंगाची दुर्बीण सांभाळायला सोपी असते. आरशाची दुर्बीण त्याच किमतीत अधिक रुंद मिळते. मात्र तिचे आरसे अधूनमधून जुळवून घ्यावे लागतात.

पण थांबा! विकत घेण्याची घाई करू नका. आधी नुसत्या डोळ्यांनी आकाशाची ओळख करून घ्या. ज्याला गुरू कोठे आहे हे ठाऊक नाही, त्याला दुर्बीण काय दाखवणार? त्यानंतर द्विनेत्री वापरा. तिच्यावर '१०×५०' असे लिहिलेले असते. म्हणजे १० पट मोठे दाखवणारी आणि ५० मिलिमीटर भिंगांची. कोपरे कठड्यावर टेकून ती स्थिर धरा. चंद्रावरची मोठी विवरे दिसतील. उर्दूत जिला आपण सुरैया म्हणतो, त्या कृत्तिकेत साध्या डोळ्यांना सहा-सात तारे दिसतात. द्विनेत्रीतून कितीतरी अधिक दिसतील. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये गुरूचे चार चंद्र शोधले. तेही तुम्हांला दिसू शकतील.

दुर्बीण घेण्यापूर्वी दुसऱ्याच्या दुर्बिणीतून जरूर पाहा. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी आकाशनिरीक्षकांना एकत्र आणत आली आहे. छत्रपती संभाजीनगरातही एमजीएमचे अंतराळ विज्ञान केंद्र आहे. अशा ठिकाणच्या जाणकारांना विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

एक गोष्ट मात्र कधीही विसरू नका. दुर्बिणीतून किंवा द्विनेत्रीतून सूर्याकडे चुकूनही पाहू नका. क्षणात दृष्टी जाऊ शकते.

आणि ईदचा चाँद पाहून थांबू नका. सातव्या रात्री पुन्हा गच्चीवर जा. त्या वेळी चंद्र अर्धा असतो. उजेड आणि अंधार जेथे मिळतात, तेथे डोंगरांच्या सावल्या लांब पडतात. पौर्णिमेच्या चंद्रावर ही शोभा नसते. दुर्बीण पहिल्यांदा चंद्राकडे लावायची, तर त्याच रात्री लावा.