अंगणाचा जमाखर्च

तुमच्या घरापुढे थोडीफार मोकळी जागा आहे ना? बैठ्या घराच्या दारातली चार हात जमीन असो, वाड्याचे अंगण असो, नाहीतर कोकणातल्या घरापुढचे खळे असो. अशी जागा पाहिली की घरातल्या मंडळींत हमखास दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, “सरळ फरशी घालून टाका. चिखल नको आणि तणही नको!” दुसरा पक्ष म्हणतो, “छे, बाग करू या.” मग कोणीतरी रोपवाटिकेतल्या कुंड्यांच्या, तयार हिरवळीच्या आणि रंगीत विटांच्या किमती सांगतो आणि बागेचा बेत तिथेच बारगळतो.

पण बागेला खरोखर लागते काय? ऊन, पाणी आणि माती. ऊन आणि पाऊस फुकट मिळतात आणि माती तर आधीच पायाखाली असते. बाग महाग पडते ती या तीन गोष्टींचा हिशेब न करता झाडे विकत आणल्यामुळे. सावलीत लावलेला गुलाब फुलत नाही, चिकण मातीत लावलेला मोगरा पावसाळ्यात मुळे कुजून जातो आणि हिरवळ मे महिन्यात करपते. मग पुन्हा नवी रोपे आणि पुन्हा खर्च! म्हणून आपण आधी अंगणाचा जमाखर्च मांडू या. त्यासाठी हवी एक वही, एक काठी, मोजपट्टी, काचेची एक बरणी आणि थोडी रांगोळी.

उन्हाचा हिशेब

सुट्टीच्या दिवशी सकाळी ८ वाजता अंगणात जा. घराची, कुंपणाची आणि शेजारच्या झाडाची सावली जिथे संपते, ती कड पांढऱ्या रांगोळीने आखा. दुपारी १२ वाजता लाल आणि संध्याकाळी ४ वाजता पिवळ्या रांगोळीने तसेच करा. आता या रेषा वहीत उतरवून घ्या. कुठे दिवसभर ऊन आहे, कुठे फक्त सकाळचे आणि कुठे मुळीच नाही, याचा नकाशा तुमच्या हाती आला.

पण हा नकाशा वर्षभर तसाच राहत नाही, हे ध्यानात ठेवा. सारा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. त्यामुळे आपल्याकडे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. पुण्यात हे १४ मे आणि ३० जुलैच्या सुमारास घडते, तर नागपुरात मेच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यास. त्या दिवशी भर मध्यान्ही उभ्या काठीची सावली नाहीशी होते. डिसेंबरात मात्र सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. २२ डिसेंबरला पुण्यात मध्यान्ही तो क्षितिजापासून फक्त ४८ अंश वर असतो. तेव्हा १ मीटर काठीची सावली सुमारे ९० सेंटिमीटर लांब आणि उत्तरेकडे पडते. मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत बरे! पुण्यात ती सव्वाबारा ते पाऊण यांच्या सुमारास होते. सावली सर्वांत आखूड होईल तीच खरी मध्यान्ह.

आता समजा, तुमचे अंगण घराच्या उत्तरेस आहे आणि भिंत ३ मीटर उंच आहे. डिसेंबरात मध्यान्हीसुद्धा भिंतीपासून २.७ मीटरपर्यंत सावली असेल आणि तीच जागा मे महिन्यात उन्हाने भाजून निघेल. तिथे हिवाळ्यात झेंडू लावून उपयोग नाही. जूनमध्ये हळद किंवा अळू लावले, तर ते पावसाळ्यात वाढते आणि हळद उन्हाळ्यापूर्वी काढूनही होते. अंगण दक्षिणेस असेल, तर हिवाळ्याचे ऊन भरपूर मिळते. तिथे झेंडू, शेवंती, मेथी, कोथिंबीर आनंदाने येतात. पश्चिमेकडून येणारे उन्हाळ्यातले तिरपे ऊन सर्वांत त्रासदायक. तिथे चार बांबूंचा मांडव घालून दोडक्याचा किंवा घोसाळ्याचा वेल चढवा. भिंतही थंड राहील आणि भाजीही मिळेल.

पाण्याचा हिशेब

एक सोपे सूत्र पाठ करा : १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला, की १ लिटर पाणी मिळते. पुण्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. तुमचे अंगण ५ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद, म्हणजे २० चौरस मीटर असेल, तर त्यावर वर्षात किती पाणी पडेल? २० × ७०० = १४,००० लिटर! १५ लिटरच्या बादल्यांनी मोजले, तर नऊशेहून अधिक बादल्या. ही झाली जमेची बाजू.

आता खर्चाची बाजू पाहा. हिरवळीचे गवत दिसायला सुंदर, पण उन्हाळ्यात त्याच्या पानांतून आणि खालच्या मातीतून पाण्याची सारखी वाफ होत असते. ही रोज ५ मिलिमीटर धरली, तरी २० चौरस मीटर हिरवळीला दररोज १०० लिटर पाणी हवे. गावात एक दिवसाआड नळ येत असताना रोज सात बादल्या पाणी गवताला घालणे शोभेल का? म्हणून कमी खर्चाच्या बागेतून सर्वांत आधी वगळावी ती हिरवळ.

उरलेल्या झाडांसाठी पाणी वाचवण्याचे दोन उपाय आहेत. पहिला आच्छादनाचा. झाडाच्या बुंध्याभोवती, पण बुंध्याला न टेकवता, वाळलेल्या पानांचा चार बोटे जाड थर पसरा. तो ऊन आणि वारा अडवतो, त्यामुळे मातीतली ओल टिकते. खरे वाटत नसेल, तर करून पाहा. दोन सारख्या डब्यांत सारखीच माती आणि सारखेच पाणी घाला. एका डब्यावर वाळकी पाने पसरा. दोन्ही डबे वाण्याच्या तराजूवर वजन करून उन्हात ठेवा आणि दोन दिवसांनी पुन्हा वजन करा. कोणत्या डब्यातले पाणी अधिक घटले, ते तुम्हीच लिहून ठेवा.

दुसरा उपाय मडक्याचा. कच्च्या भाजणीचे, पाणी झिरपणारे मडके झाडाजवळ गळ्यापर्यंत पुरा, पाण्याने भरा आणि वर झाकण ठेवा. मडक्याच्या भिंतीत सूक्ष्म छिद्रे असतात. बाहेरची माती कोरडी झाली, की ती केशाकर्षणाने पाणी ओढून घेते. माती ओली असली, की झिरपणे मंदावते. म्हणजे झाडाला लागेल तेवढेच पाणी आपोआप मिळते. झाकण मात्र विसरू नका, नाहीतर त्यात डासांची पैदास होईल. कुंड्यांखालच्या ताटल्यांतले पाणीही आठवड्यातून एकदा ओतून टाकत जा.

तांदूळ आणि भाज्या धुतलेले पाणी कोणत्याही झाडाला चालते. न्हाणीघराचे पाणी कर्दळ आणि केळ यांच्याकडे वळवावे. कपड्यांच्या साबणाचे दाट पाणी मात्र झाडांना घालू नये, कारण त्यातल्या क्षारांनी माती बिघडते.

मातीची परीक्षा

काचेच्या बरणीचा तिसरा हिस्सा अंगणातल्या मातीने भरा. वरपर्यंत पाणी घाला, झाकण लावून खूप हलवा आणि बरणी स्थिर ठेवून द्या. पहिल्या मिनिटभरात वाळू तळाशी बसते. त्यावर काही तासांत गाळाचा थर जमतो. चिकणमातीचे कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान असतात, म्हणून ते बसायला एक-दोन दिवस लागतात. आता मोजपट्टीने तिन्ही थर मोजा. कोणता थर जाड आहे, त्यावरून मातीचा स्वभाव कळतो.

देशावरची काळी माती काळ्या पाषाणाच्या, म्हणजे बेसॉल्टच्या झिजेतून तयार झाली आहे. तिच्यात चिकणमाती फार. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाणी धरून ठेवते. कोकणातली जांभ्याची तांबडी माती याच्या उलट. तिच्यातून पाणी चटकन निघून जाते. नव्या घराच्या अंगणात तर मातीपेक्षा राडारोडाच जास्त निघतो. विटांचे तुकडे आणि सिमेंटचे ढेकूळ आधी वेचून काढले पाहिजेत.

गंमत अशी, की काळ्या आणि तांबड्या, दोन्ही मातींवर औषध एकच : कुजलेले खत. चिकणमातीचे कण ते रवाळ करते, त्यामुळे मुळांना हवा मिळते. निचऱ्याच्या मातीत ते स्पंजासारखे पाणी धरून ठेवते. हे औषध घरीच तयार होते. अंगणाच्या कोपऱ्यात हातभर खोल खड्डा घ्या. त्यात वाळलेल्या पानांचा एक थर, भाजीच्या देठांचा आणि सालींचा दुसरा, वर मूठभर माती, असे थर घालत जा. वाळक्या पानांत कर्ब अधिक असतो आणि ओल्या कचऱ्यात नत्र अधिक. जिवाणूंना दोन्ही हवे असतात. खड्डा पिळलेल्या फडक्याइतका ओलसर ठेवलात, तर तीन-चार महिन्यांत काळेभोर, मातीचा वास येणारे खत मिळू लागेल. मग सांगा, पाने जाळून टाकणे म्हणजे पैसे जाळणेच नव्हे का?

फुकटची रोपे

आता रोपे. जास्वंद, तगर, मोगरा, अबोली यांची रोपे विकत आणायची गरज नाही. शेजाऱ्यांकडून पेन्सिलीएवढ्या जाड फांदीचा वीतभर तुकडा मागून आणा. वरची दोन पाने ठेवून बाकीची काढा आणि खालचे दोन डोळे मातीत जातील असा तो लावा. फांदीला मुळे कशी फुटतात? कोवळ्या शेंड्यात ‘ऑक्झिन’ नावाचे वाढीचे द्रव्य तयार होते आणि ते खाली सरकत जाते. कापलेल्या टोकापाशी ते साठले, की तिथल्या पेशी मुळे बनवू लागतात. हे द्रव्य ओटच्या कोवळ्या कोंबातून वेगळे करून दाखवले ते फ्रिट्स वेंट या डच शास्त्रज्ञाने, १९२८ साली. फांदी उलटी खोचली तर काय होईल, याचा आता तुम्हीच विचार करा!

कलमे जून-जुलैत लावावीत. हवा दमट असल्याने पानांतून पाणी कमी उडते आणि मुळे फुटेपर्यंत फांदी तग धरते.

कर्दळ, हळद आणि निशिगंध कंदांपासून येतात. कोरफडीला बाजूने पिल्ले फुटतात आणि गवती चहाच्या गड्ड्याचे चार भाग केले की चार झाडे होतात. देवापुढच्या निर्माल्यातला वाळलेला झेंडू चुरगाळून पेरला, तर महिनाभरात रोपेच रोपे! तेरडा, गुलबक्षी आणि सदाफुली तर एकदा लावली, की दरवर्षी आपणच उगवतात. फक्त एक सावधगिरी : कण्हेर आणि बिट्टी ही झाडे विषारी आहेत. लहान भावंडे असतील, तर ती अंगणात नकोत.

थोडी जागा लिंबाला किंवा कढीपत्त्याला जरूर द्या. ‘ब्लू मॉरमॉन’ हे मोठे निळे-काळे फुलपाखरू २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरले. त्याची मादी लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालते. तेव्हा चार पाने कुरतडलेली दिसली, म्हणून लगेच औषध मारायला धावू नका.

आता पैशांचे बोला

घरातून मिळालेली रक्कम लहान असो वा मोठी, तिचे चार भाग करा. दोन भाग शेणखतासाठी, कारण घरचे खत पहिल्या वर्षी पुरत नाही. एक भाग बांबू, सुतळी आणि मडक्यांसाठी. उरलेल्या भागातून फक्त तेच रोप घ्या, जे फांदीपासून किंवा बीपासून तुम्हाला मिळाले नाही. उदाहरणार्थ, लिंबाचे चांगले कलम. मोठे झाड आणायचा मोह झाला, तर तो आवरा. वड, पिंपळ, उंबर यांची मुळे घराच्या पायाशी लावायची नसतात.

आणि फरशीवाल्या पक्षाचे काय? त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. पावसात दारापर्यंत चिखल कोणालाच नको असतो. म्हणून फाटकापासून दारापर्यंत पायवाट करा. फरशीच्या दुकानात शहाबादी फरशीचे फुटके तुकडे स्वस्तात मिळतात. ते वाळूच्या थरावर दोन-दोन बोटे अंतर सोडून बसवा. सिमेंट लावू नका, म्हणजे फटींतून पाणी जिरेल. घराच्या बाजूने अंगणाला दर मीटरला दोन सेंटिमीटर उतार ठेवा, म्हणजे पाणी पायाशी साचणार नाही.

बाकीची जमीन मात्र मोकळीच राहू द्या. १४,००० लिटरचा हिशेब आठवतो ना? फरशीवर पडलेले पाणी सरळ गटारात जाते. मोकळ्या मातीत त्यातले बरेचसे मुरते आणि पुढे ते झाडांच्या उपयोगी पडते. शिवाय १ ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. ही उष्णता आसपासच्या हवेतून आणि पानांतून घेतली जाते. कोरड्या फरशीवर असे काही घडत नाही. ती दिवसभर तापते आणि रात्री ती उष्णता घराकडे फेकते. एप्रिलमध्ये संध्याकाळी ७ वाजता एक हात फरशीवर आणि दुसरा झाडाखालच्या मातीवर ठेवून पाहा. मग फरशीवाल्या पक्षालाही तोच प्रयोग करायला सांगा.

तर मग येत्या रविवारी रांगोळी घेऊन अंगणात उतरा. पहिल्या पावसाआधी ऊन, पाणी आणि माती यांची तीन पाने वहीत भरून ठेवा. पैशांचे पान सर्वांत शेवटी उघडा. तोवर त्यावरचा आकडा बराच लहान झालेला असेल.