निळी कुत्री, जांभळी राणी आणि आपलं वाणसामान

ऑगस्ट २०१७मध्ये नवी मुंबईजवळच्या तळोजा एमआयडीसीत चक्क निळी कुत्री फिरताना दिसली. रंग आला होता एका कारखान्यातून. डिटर्जंटमध्ये वापरल्या जाणाऱ्या निळ्या रंगाचं सांडपाणी कासाडी नदीत जात होतं आणि खाणं शोधत भटकणारी कुत्री त्या रंगात माखून निघत होती. फोटो जगभर पोचले, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळानं कारखाना बंद करायला लावला. कुत्र्यांच्या अंगावरचा रंग वरवरचा होता, तो निघाला. कासाडीचं दुखणं मात्र जुनं. मासे मिळेनासे झाल्याची तक्रार तिथले मच्छीमार आधीपासूनच करत होते.

डिटर्जंटमध्ये निळा रंग कशाला, असं वाटेल. आपल्या आज्या पांढऱ्या धोतरांना नीळ द्यायच्या, त्याच कारणासाठी! पिवळटपणावर निळी झाक चढली की डोळ्यांना कापड शुभ्र भासतं. मळ त्यानं निघत नाही. पावडरमधले रंगीत दाणेही बऱ्याचदा निव्वळ डोळ्यांना सुखावण्यासाठी असतात.

रंगांच्या या हौसेला राजघराण्याचाही हातभार लागला आहे. १८५६ साली लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन मलेरियावरचं क्विनीन बनवायला बसला आणि डांबरातल्या रसायनांतून हाती लागला जांभळा रंग. १८५८मध्ये व्हिक्टोरिया राणी लेकीच्या लग्नात जांभळ्या पोशाखात मिरवली आणि सगळ्या शहराला तोच रंग हवासा झाला. पर्किनचा कारखाना ग्रीनफर्डला कालव्याच्या काठी होता. त्या आठवड्यात कुठला रंग बनतोय, ते कालव्याच्या पाण्यावरून कळायचं, असं सांगतात.

आता फेसाकडे वळू. भरपूर फेस म्हणजे भरपूर सफाई, हा आपला पक्का समज. पुढून दार उघडणाऱ्या वॉशिंग मशीनची पावडर मुद्दाम कमी फेसाची बनवतात आणि कपडे तरीही स्वच्छ निघतात. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर डिटर्जंटच्या फेसाचे डोंगर तरंगायचे, काही ठिकाणी तर नळातूनही फेस यायचा. त्या डिटर्जंटच्या रेणूला फांद्या होत्या आणि पाण्यातल्या जिवाणूंना तो पचत नव्हता. पश्चिम जर्मनीनं १९६१मध्ये कायदा केला. कंपन्यांनी सरळ साखळीचा रेणू आणला, जिवाणूंनी तो फस्त केला आणि नद्यांवरचा फेस ओसरला.

मला सगळ्यात आवडते ती जपानची गोष्ट. बिवा हे तिथलं सर्वांत मोठं सरोवर, एक कोटीहून अधिक लोकांच्या पिण्याचं पाणी. १९७७च्या वसंतात त्याचं पाणी तांबूस झालं, वास मारू लागलं. शेवाळासारखे सूक्ष्म जीव बेसुमार माजले होते आणि त्यांना खतपाणी मिळत होतं कारखाने, शेतं आणि घराघरांतल्या डिटर्जंटमधल्या फॉस्फेटमधून. शिगा प्रांतातल्या गृहिणींनी ठरवलं, आपण ते डिटर्जंटच वापरायचं नाही. साधी साबणाची पावडर घ्यायची. तळणाचं उरलेलं तेल मोरीत ओतायचं नाही, ते गोळा करून त्याचा साबण करायचा. साबणानं कपडे पिवळे पडतात, पावडर नीट विरघळत नाही, अशा कुरबुरी झाल्याच. तरी बाया घरोघर, गल्लोगल्ली फिरल्या, किती पाण्यात किती पावडर ते एकमेकींना दाखवत राहिल्या. डिटर्जंट उद्योगानं विरोध केला. पण १९७९मध्ये प्रांतानं फॉस्फेटयुक्त डिटर्जंटची विक्री आणि वापर बंद करणारा नियम केला, कारखान्यांच्या सांडपाण्यावरही मर्यादा घातल्या. तो १ जुलै १९८०ला लागू झाला आणि १ जुलै हा तिथं आजही ‘बिवा सरोवर दिन’ आहे. काही वर्षांत जपानभर बिनफॉस्फेट डिटर्जंट मिळू लागलं.

दुकानातली निवड कायद्याच्याही पुढे धावते, याचं आणखी एक उदाहरण. स्प्रेच्या डब्यांतला सीएफसी वायू ओझोनचा थर कुरतडतो, असं मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४मध्ये मांडलं. अमेरिकी गिऱ्हाईक फवाऱ्याकडून रोल-ऑनकडे वळू लागलं, डब्यांची विक्री घसरली. बंदी आली ती १९७८ला!

पण सगळा भार गिऱ्हाइकावर टाकणं मला मान्य नाही. तमिळनाडूतल्या तिरुपूरचे टी-शर्ट जगभर जातात. तिथल्या रंगाईच्या सांडपाण्यानं नोय्यल नदी इतकी नासली, की ओरातुपालयम धरणाचं पाणी सोडू नका, असं शेतकरीच म्हणू लागले. सिंचनासाठी बांधलेलं धरण ते! टी-शर्टच्या लेबलवर मापं असतात, धुण्याच्या सूचना असतात, नोय्यलबद्दल अक्षर नसतं. गिऱ्हाइकाला कळणार कुठून? २०११मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं रंगाईचे कारखाने बंद करायला लावले, तेव्हा कुठे सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची अट गांभीर्यानं घेतली गेली.

आपल्याकडे पर्यावरणस्नेही वस्तू ओळखण्यासाठी ‘इकोमार्क’ नावाचं सरकारी चिन्ह १९९१पासून आहे. त्यावर मातीचा माठ आहे. २०२४मध्ये त्याचे नवे नियम आले. तुमच्या घरातल्या एकाही पाकिटावर तो माठ आहे का, आज जरूर पाहा. नसेल तर वाण्याला विचारा, कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर विचारा. आणि पावडर घेताना पाकिटावर लिहिलेलं माप पाळा, मूठभर जास्त टाकल्यानं कपडे अधिक स्वच्छ निघत नाहीत.