मेसवाल्या काकूंचा हिशेब

लोअर परळच्या कॅफेत फोटो काढून झाले की पूल ओलांडून डिलाईल रोडला या. पाटीवर ना. म. जोशी मार्ग दिसेल. गिरण्यांचे भोंगे वाजायचे तेव्हा इथल्या चाळीतली दहा बाय दहाची खोली हीच खानावळ असायची. भांडवल काय, तर तवा, परात आणि स्टोव्ह!

गावाहून एकटा आलेला गिरणी कामगार दोन वेळ जेवायचा, पैसे मात्र पगारानंतर द्यायचा. मग तोवर बाईने ज्वारी-तांदूळ आणायचे कसे? वाण्याकडून उधारीवर, नाहीतर सावकाराकडून व्याजाने. भाकऱ्या तिने थापायच्या, कमाई त्यांची.

१९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गहाण ठेवायला काही नसलेल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. पुढे १९८२ च्या संपात कामगारांचे पगार थांबले आणि खानावळींनाही फटका बसला.

आज तुम्ही मेसवाल्या काकूंना ‘पुढच्या आठवड्यात देतो’ म्हणता ना? त्यांचा वाणी तेवढा थांबतो का, एकदा विचारा. भाजीला नावं नंतर ठेवा, आधी महिन्याचे पैसे द्या.