वेग वाढला, पण वीज गेली तर?

पालघर जिल्ह्यातल्या तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधे, रंग आणि रसायने बनवणारे कारखाने दाटीने उभे आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ साली अतिप्रदूषणकारी १७ उद्योगगटांना सांडपाण्याची आणि धुराची मोजणी सतत, ऑनलाइन करायला लावली. अशा मोजणीत यंत्र ठरावीक वेळाने आकडा घेते आणि तो संगणकात नोंदवला जातो. नोंद जेमतेम एका ओळीची, पण ती पुरावा असते. म्हणून ती डिस्कवर खरोखर उतरली, अशी खात्री मिळेपर्यंत नीट लिहिलेला प्रोग्रॅम पुढे सरकत नाही.

या थांबण्यातच आजच्या विषयाचे मूळ आहे. फाइल सेव्ह केली की मजकूर लगेच डिस्कवर जातो, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तो आधी स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये थांबतो. वीज गेली की रॅम कोरी. शिवाय एक साधी फाइल तयार करायची तरी डिस्कवर तीन-चार ठिकाणी बदल करावे लागतात: फोल्डरच्या यादीत नाव, फाइलची माहिती ठेवणाऱ्या आयनोडमध्ये नोंद, मोकळ्या जागेच्या नकाशात खूण. यातले दोन बदल झाले आणि तिसऱ्याआधी वीज गेली, तर फाइलींची मांडणी सांभाळणाऱ्या फाइल सिस्टिमचा हिशोब जुळत नाही.

लिनक्स या कार्यप्रणालीत यावरचा उपाय जर्नल या नावाने आला. स्टीफन ट्वीडी यांनी १९९८ मध्ये त्याची मांडणी केली आणि २००१ च्या अखेरीस ईएक्सटी-३ या फाइल सिस्टिममधून तो सगळ्यांच्या हाती पडला. वाणी आधी कीर्द लिहितो आणि सवडीने खतावणी करतो, तसेच हे काम चालते. यादी, आयनोड, नकाशा यांत होऊ घातलेले सगळे बदल आधी जर्नलमध्ये उतरवायचे, त्याखाली ‘पूर्ण’ अशी खूण करायची, मग मूळ जागी लिहायचे. मधे वीज गेली तर पुन्हा सुरू होताना संगणक जर्नल वाचतो. पूर्णची खूण असलेले बदल तो पार पाडतो आणि अर्धवट असलेले सोडून देतो.

यात सुरक्षितता आहे, पण तिची किंमतही आहे. ईएक्सटी-३ च्या पुढच्या ईएक्सटी-४ मध्ये आयनोड साधारणपणे २५६ बाइटचा असतो आणि डिस्कचा ठोकळा (ब्लॉक) ४०९६ बाइटचा. आयनोडमध्ये चार आकडे बदलले तरी जर्नलमध्ये अख्खा ठोकळा उतरवावा लागतो. एका ओळीच्या नोंदीसाठी असे अनेक ठोकळे लिहायचे आणि ते होईपर्यंत प्रोग्रॅमने थांबायचे. छोट्या-छोट्या नोंदी वारंवार करणाऱ्या कोणत्याही कामाला याचा भार जाणवतो.

हा भार कमी करणारी सोय हर्षद शिरवाडकर या गूगलमधल्या अभियंत्याने ईएक्सटी-४ मध्ये आणली. तिचे नाव फास्ट कमिट. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या लिनक्स ५.१० मध्ये ती दाखल झाली. शिरवाडकर, सौरभ काडेकोडी आणि ईएक्सटी-४ चे प्रमुख थिओडोर त्सो यांनी तिच्यावरचा शोधनिबंध २०२४ च्या यूझनिक्स वार्षिक तांत्रिक परिषदेत मांडला. कल्पना अशी, की अख्खा ठोकळा न लिहिता फक्त काय बदलले तेवढेच थोडक्यात लिहायचे. पूर्ण पद्धतीचे जर्नल अधूनमधून चालूच राहते. थोडक्यात सांगता न येणारा बदल आला, तर फाइल सिस्टिम मुकाट्याने जुन्या पद्धतीकडे वळते. सुरुवातीच्या मोजमापात स्थानिक डिस्कवर वेग २० ते २०० टक्क्यांनी वाढल्याचे दिसले.

पल्ला इतका मोठा असणे हीच त्यातली कामाची माहिती आहे. वेग कोणत्या कामावर मोजला, यावर सगळे अवलंबून असते. मोठ्या व्हिडिओ फाइली साठवणाऱ्याला फरक जवळजवळ जाणवणार नाही, तर क्षणाक्षणाला नोंद करणाऱ्याला तो भरपूर जाणवेल.

मात्र वेग मोजणे हा अशा सोयीच्या चाचणीचा सोपा भाग. अवघड भाग वेगळाच आहे: वीज गेल्यावर हिशोब जुळतो का ते पाहणे. समजा, एका प्रोग्रॅमने ‘अ’ ही फाइल पुसली आणि ‘ब’ला ‘अ’ हे नाव दिले. या दोन क्रिया जर्नलमध्ये जशाच्या तशा लिहिल्या आणि वीज गेली. परत आल्यावर संगणकाने दोन्ही क्रिया पार पाडल्या आणि तेवढ्यात पुन्हा वीज गेली. आता तिसऱ्यांदा सुरू होताना तो जर्नल पहिल्यापासून वाचेल, ‘अ पुसा’ हा आदेश पाळेल आणि नवी ‘अ’ फाइलच पुसून टाकेल! म्हणून फास्ट कमिटमध्ये क्रिया लिहिली जात नाही, तिचा निकाल लिहिला जातो: शेवटी ‘अ’ हे नाव अमुक क्रमांकाच्या आयनोडकडे आहे, ‘ब’ हे नाव उरलेले नाही. असा निकाल कितीही वेळा लागू केला तरी फळ एकच येते. मला या साऱ्या रचनेतला हा सर्वांत देखणा भाग वाटतो.

वेगाच्या तक्त्यात यातले काहीच दिसत नाही. २००९ मध्ये ईएक्सटी-४ नवी असताना हे ठळकपणे समोर आले. वेगासाठी ती डिस्कवरची जागा ठरवणे काही काळ लांबणीवर टाकत असे. उबुंटूची चाचणी आवृत्ती वापरणाऱ्यांचे संगणक अचानक बंद पडले आणि पुन्हा सुरू झाल्यावर काही फाइली शून्य बाइटच्या निघाल्या. नियमाने फाइल सिस्टिमचे चुकले नव्हते, कारण प्रोग्रॅमांनी डिस्कवर उतरल्याची खात्री मागितलीच नव्हती. तरी त्सो यांनी फाइल सिस्टिममध्ये सुधारणा केली. ते योग्यच झाले, असे माझे मत आहे. माणसाची फाइल गेल्यावर नियमाचा आधार काय कामाचा?

आता अशा चाचणीची साधने बरीच पुढे गेली आहेत. डिस्कवरचे प्रत्येक लेखन क्रमाने टिपून ठेवणारी सोय लिनक्समध्येच आहे. तिच्या मदतीने हव्या त्या टप्प्यावर वीज गेली असे मानून त्या टप्प्यावरची डिस्क पुन्हा उभी करता येते आणि हिशोब जुळतो का ते तपासता येते. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन शाखेतल्या जयश्री मोहन, विजय चिदंबरम आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये क्रॅशमंकी या साधनाच्या जोडीने छोट्या-छोट्या क्रियांच्या जुळण्या पद्धतशीरपणे तपासल्या. लिनक्सच्या मुरलेल्या, रोज वापरात असलेल्या फाइल सिस्टिममध्ये त्यांना १० नवे दोष सापडले. त्यातले सात २०१४ पासून तिथेच होते. फास्ट कमिटमध्येही २०२० नंतर अनेक चुका सापडल्या आणि दुरुस्त होत गेल्या. ही सोय आपोआप चालू होत नाही, वापरणाऱ्याने ती स्वतः चालू करायची असते. तेच बरे आहे.

पुन्हा तारापूरकडे येऊ. तिथे देशातले पहिले अणुवीज केंद्र १९६९ पासून आहे. तरी वीज तयार होणे वेगळे आणि ती अखंड मिळणे वेगळे. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा जिल्ह्यातल्या कित्येक गावांनी ते अनुभवले. म्हणून पालघर-बोईसरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी हा विषय जरूर घ्यावा. एक जुना संगणक, एक रिकामी डिस्क आणि लिनक्स एवढ्यावर काम भागते. फास्ट कमिट बंद ठेवून आणि चालू करून वेग मोजा, लिनक्सच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, आवृत्ती लिहून ठेवा आणि मग लिहिणे चालू असताना खरोखर प्लग काढा. नुसती नक्कल पुरत नाही, कारण काही डिस्क मजकूर पक्का होण्याआधीच ‘लिहिले’ असे कळवतात. आणि ज्यांच्या कारखान्यात हिशोबाचा किंवा मोजणीचा संगणक आहे, त्यांनी नवी सोय आधी अशा सुट्या यंत्रावर पारखून घ्यावी, यूपीएसच्या बॅटऱ्या वेळेवर बदलाव्यात आणि रोजचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर ठेवावा.